घाटातली दोन मिनिटं

राजूर घाटातून मी एकोणतीस वर्षं एसटी चालवली. बुलढाण्याहून मोताळा, मोताळ्याहून बुलढाणा. कोण्या वळणावर कोणता गिअर टाकाचा, कुठं हॉर्न द्याचा, हे मले झोपेतून उठवून विचारा. पण घाटातून खाली काय दिसते, असं कोणी विचारलं तं मले काहीच सांगता येत नव्हतं. पाह्यलंच नाही. ड्रायव्हरनं रस्ता पाहाचा, खिडक्या पॅसेंजरसाठी असतात, असं मी लय तोऱ्यात सांगत होतो. आता तो तोरा आठवला का स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

बायकोचं माहेर घाटाच्या पायथ्याशी. माहेराहून परत येतानी ती माह्याच बसमध्ये बसे, माह्या मागच्या सीटवर. चौथ्या वळणावरून तिच्या गावच्या महादेवाचा कळस दिसते आन् बापाच्या दारातली चिंच दिसते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं म्हटलं, "दोन मिनिटं थांबवता का? चिंच पाहू द्या." मी आरशात पाहून म्हटलं, "इथं थांबा नाही." कंडक्टर हसला, दोन-चार पॅसेंजर हसले, मी बी हसलो. नियमाचा मोठा पक्का होतो ना मी! घाटाच्या वर एका टपरीपाशी बी थांबा नव्हता, पण तठी चहासाठी रोज थांबत होतो. ते वेगळं. तिनं पुन्हा कधी म्हटलं नाही.

दोन वर्षांमागं काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले. मागच्या महिन्यात एका लग्नात कोणीतरी सांगतलं का तिच्या गावातला रस्ता रुंद केला, झाडं तोडली. माहेरी आता तिचं कोणीच राह्यलं नाही, घर बी विकलं. ती मले म्हणे, "चिंच आहे का गेली, तेवढं पाहून या."

"हे काय काम आहे? गावात जातो आन् तासाभरात येऊन सांगतो."

"गावात नाही. घाटातून पाहा. मी जठून पाहो, तठून. आन् संध्याकाळी खाली वावरात कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्याचा धूर रायते, काही दिसत नाही. सकाळच्या उन्हातच दिसते. पहाटे अंधारात गाडी काढू नका, रात्र तठीच काढा."

घरात सगळे खवळले. पोरगा म्हणे, बासष्टव्या वर्षी घाटात झोपाचं हे काय भूत शिरलं तुमच्यात? मी म्हटलं, तुह्या मायले विचार. मोटारसायकलले ताडपत्री, सतरंजी, घोंगडी बांधली, सुनेनं भाकर-ठेच्याचा डबा देला आन् आमच्या देऊळघाट गावाहून दुपारीच एकटा निघालो.

चौथ्या वळणावर कठड्याच्या बाजूले सपाट जागा आहे. एक दोरी गाडीच्या हँडलले, एक झाडाच्या खोडाले, अशी ताडपत्री ताणली आन् बसलो. बसलो म्हंजे, बसू कोण देते? पहिले दोन पोट्टे आले. मोबाईल काठीले लावून नाचले, वेफरचे पुडे कठड्यावरून खाली फेकले. मी म्हटलं, "तुह्या बापाचा उकिरडा आहे का बे खाली?" तं म्हणते, "काका, जरा बाजूले सरका, व्हिडिओत येऊन राह्यले तुम्ही." मले! एकोणतीस वर्षं या घाटात बस चालवली आन् मले बाजूले सरकाले सांगते!

मंग एक कार थांबली. बाई उतरली, हळूच म्हणे, "काका, घरी काही भांडण झालं का? असं कड्यावर बसू नका." तिच्या नवऱ्यानं तं माह्या गाडीची चावीच काढून घेतली. "मराले आलो असतो तं डबा कायले आणला असता?" मी वरडलो. डबा उघडून दाखवला, तवा कुठं चावी वापस देली. अंधार पडेपर्यंत असे पाच जण थांबले. सगळ्याईनं तेच विचारलं, सगळ्याईवर मी तसाच वरडलो. ना ओळख ना पाळख, तरी ज्याले पाहा तो इथं गाडी थांबवते! लय संताप झाला. रात्रभर घोंगडीत डासाईले शिव्या देत पडलो.

सकाळी ऊन वर आलं, धूर निवळला आन् खाली सगळं धुतल्यावाणी साफ दिसलं. वावरं, रस्ता, पांढरा कळस. आन् कळसाच्या आजूबाजूले तीन मोठी झाडं. तीन! त्यातली चिंच कोणती? का यातलं एकही नाही? एवढ्या दुरून झाडाची जात कळत नाही. सासऱ्याच्या दारात त्या चिंचेखाली मी किती डाव जेवलो, पण इथून ते दार कोण्या अंगाले येते हे मले काय माहीत? कठड्यावर मूठ आपटली. मूठच दुखली.

तेवढ्यात मोताळ्याकडून वर आलेली एसटी माह्याजवळ येऊन थांबली. गच्च भरलेली. तिशीतला ड्रायव्हर खिडकीतून म्हणे, "काका, गाडी बंद पडली का? वरपर्यंत सोडू का?"

माहं डोकंच फिरलं. "इथं थांबा आहे का बे? वळणावर बस उभी करते! तक्रार करू का तुही?"

"थांबा नाही काका. पण तुम्ही एकटे दिसले म्हून थांबवली." मागं वळून त्यानं पॅसेंजराईले सांगतलं, "दोन मिनिटं हं." कोणीच कुरकुर केली नाही. एक म्हातारी तं खिडकीतून खाली बोट करून बाजूच्या बाईले काहीतरी दाखवत होती.

"जा बाप्पा, जा तू," मी म्हटलं.

बस गेल्यावर घरी फोन लावला. तिनंच उचलला.

"तीन झाडं आहेत इथं!" मी एकदम वरडलोच. "तुही चिंच कोणती, ते मले कसं कळन?"

"वरडू नका. उजवा हात लांब करा. बोटं जोडा, करंगळी कळसावर ठेवा. आता अंगठ्याजवळच्या बोटापाशी पाहा."

मी हात लांब केला. करंगळी कळसावर ठेवली. अंगठ्याजवळच्या बोटाले टेकून एक पसरलेलं, काळपट हिरवं झाड उभं होतं.

"आहे," मी म्हटलं. "आहे ना. तोडली नाही."

ती म्हणे, "बरं झालं बाई."

"हे बोटाचं तुले कसं माहीत?"

"वळणावर बस हळू होये ना तुमची. तेवढ्यात काचेवर बोटं ठेवून धरो मी. दुसऱ्या झाडात नजर जाऊ नये म्हून. तेवढाच वेळ भेटे."

मले उलटा तिचाच राग आला. "मंग भांडली काऊन नाही तू माह्याशी? एक डाव तरी?"

"भांडली असती तं थांबवली असती का?"

मी लांब केलेला हात खाली घेतला. ती म्हणे, "डबा धुऊन आणजा, ठेच्याचा वास बसते," आन् फोन ठेवला.

मी मोबाईल पाह्यला. सगळं बोलणं एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदात झालं होतं.