कर्जतला विचारून

त्या सकाळी व्हिडिओ कॉलवर आजोबा गेल्याचं तुम्हाला सांगितलं, तेव्हा ओम पडद्यावरून बाजूला झाला आणि रेवाने विचारलं, "आजी, तिकडे पाऊस पडतोय का?" आजोबांच्या नातीला शोभेल असाच तो प्रश्न होता. मी म्हणाले, "बघितलं नाही गं..." आमच्या घरात हे उत्तर आजवर कोणी दिलं नव्हतं.

शहाडच्या आमच्या सोसायटीत फाटकाशी एक काळी पाटी आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी आजोबा तिच्यावर येत्या आठवड्याचं हवामान लिहीत. आधी गच्चीवर जाऊन ढग बघायचे, वारा कुठून येतोय ते बघायचं, मग खाली येऊन चार ओळी लिहायच्या. विज्ञानाचे मास्तर, नुसतं 'पाऊस पडेल' लिहून त्यांचं समाधान होत नसे, का पडेल तेही लिहायचं असे. दूधवाला म्हणायचा, "सर, ते ऱ्हाऊ दे, छत्री घेऊ का नको तेवढं बोला ना." तुमचा बाबा फोन पुढे करायचा, "बाबा, यात सगळं येतं." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "तो जिल्ह्याचं सांगतो. मी आपल्या गल्लीचं सांगतो."

तुम्ही सुट्टीत आला होतात तेव्हा त्यांनी चहाच्या आधणावर फ्रीजमधली गार ताटली धरली होती, आठवतं? वाफ वर गेली, ताटलीला लागून गार झाली आणि थेंब टपकले. "ही ताटली म्हणजे सह्याद्री," ते म्हणाले. "समुद्रावरची दमट हवा डोंगराला अडते, वर चढते, गार होते, तिचे ढग होतात. म्हणून पावसाचा खरा जोर तिकडे, कर्जतच्या डोंगरात." ओमने विचारलं, "मग ते पाणी कुठे जातं?" आजोबांनी ताटली ओट्यावर ठेवली आणि ते गॅलरीत निघून गेले. ते रागावले असं तुम्हाला वाटलं. ओम, ते पाणी उल्हास नदीतून इथे, आपल्या सोसायटीच्या मागे येतं.

त्याच्या आदल्या पावसाळ्यातली गोष्ट. तळमजल्यावरच्या संदेश सावंतची आई अंथरुणाला खिळलेली होती. नदी भरून वाहत होती, म्हणून संदेश वर आला. "काका, आईला आज तुमच्याकडे आणून ठेवू का?"

आजोबांनी गॅलरीतून वर पाहिलं. "कशाला हलवतोस त्यांना? ढगांचा थर विरळ झालाय, उद्या ऊन पडेल."

आणि ऊन पडलं. लख्ख उन्हात नदीचं पाणी फाटकातून आत आलं. पाऊस कोसळला होता तो कर्जतला. आजोबांनी फक्त आपल्या डोक्यावरचं आकाश पाहिलं होतं. संदेशने आईला उचलून आणेपर्यंत ती माउली गादीसकट भिजली होती. न्यूमोनिया झाला, दवाखान्यातून ती परत आली नाही. आम्ही भेटायला गेलो तेव्हा संदेश एवढंच म्हणाला, "तुम्ही बोललात म्हणून नाही हलवलं, काका." आवाज चढवला नाही... चढवला असता तर बरं झालं असतं.

त्या पावसाळ्यात पाटी कोरीच राहिली. पुढच्या वर्षीपासून दर रविवारी आजोबा कर्जतला आपल्या बहिणीला, सुधाला, फोन करू लागले. तिने डोंगरावरचे ढग सांगितल्यावाचून खडू हातात घेत नसत. खाली शेवटची ओळ नेहमीची: कर्जतला विचारून लिहिले आहे. लिहून झालं तरी ते फाटकाशीच रेंगाळत. संदेश भाजी आणायला निघायचा. नमस्कार करायचा, पण पाटीकडे न बघता जायचा. "विचारेल एखाद्या दिवशी," वर येऊन ते म्हणत. मी पोहे पुढे करत असे.

कल्याणच्या दवाखान्यात शेवटी त्यांना बोलताना धाप लागत होती. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसायची, आकाश नाहीच. मास्क बाजूला करून त्यांनी विचारलं, "संदेशने... काही विचारलं का गं?"

"अजून नाही," मी म्हणाले. खोटं बोलले असते तर त्यांना कळलं असतं.

गेल्या रविवारी सुधाचा फोन आला. "वहिनी, सवयीने लावला गं... आता सांगू तरी कोणाला? डोंगर दिसेनासा झालाय, काळंकुट्ट उतरलंय."

मी खडू आणि ओलं फडकं घेऊन खाली गेले. पाटीवर त्यांचंच अक्षर होतं. इतके आठवडे कोणी पुसलं नव्हतं. फडकं हातात घेऊन मी नुसतीच उभी राहिले. मागून आवाज आला, "काकू... कर्जतला काय बोलतायत?"

संदेश होता. हातात भाजीची पिशवी. या एका प्रश्नासाठी एक माणूस कितीतरी रविवार या फाटकाशी उभा राहिला होता, आणि आता तो कुठेच नव्हता.

"जोर आहे," मी म्हणाले. "सामान वर घ्या."

"बरं," म्हणून तो भाजीला न जाता घराकडे वळला. मग मी पाटी पुसली. शेवटची ओळ तेवढी ठेवली. ती अजून खरी होती.