डोंगराचे भागधारक

तलासरीच्या ज्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे, तिथे शनिवारी सकाळची शाळा असे. शाळा सुटली की आम्ही तिघं शिक्षक हायवेवरच्या एका हॉटेलात चहाला बसायचो: गणिताचे सर, इतिहासाचे सर आणि मी. डहाणूचे एक चिकूचे व्यापारी वापीला जाता-येता तिथेच गाडी थांबवायचे आणि आमच्यात येऊन बसायचे. त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. आम्हा चौघांना बांधणारी गोष्ट एकच होती. आम्ही चौघंही एका खाण कंपनीचे भागधारक होतो.

भागधारक हा शब्द आमच्यासाठी मोठाच होता. गणिताच्या सरांना बाजाराचा नाद, आणि त्यांच्या नादाने आम्ही बाकीच्यांनी थोडे थोडे शेअर घेतले होते. माझे मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले. इतिहासाच्या सरांना घर बांधायचं होतं. ते तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या पाड्यावरचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या भात आणि नागलीची शेती. पदवीधर होऊन नोकरीला लागलेले त्यांच्या पाड्यावरचे ते पहिलेच. शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून खुर्चीला पाठ न टेकता बसायचे. बाजाराची बातमी वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर एक अभिमान दिसायचा, आणि मला तो आवडायचा.

कंपनीची खाण कुठेतरी दूर, पूर्वेकडच्या राज्यातल्या एका डोंगरात होती. आमच्यापैकी कुणी ती पाहिलेली नव्हती. आम्ही शेअर घेतले आणि वर्षभरात खाणीचं काम थांबलं. डोंगरातल्या गावांनी ग्रामसभा घेऊन जागा द्यायला नकार दिला होता. भाव घसरत गेला तसा आमचा शनिवारचा चहा लांबत गेला.

"विकून मोकळं व्हावं," मी एकदा म्हटलं.

"आत्ता विकणं म्हणजे मूर्खपणा, मॅडम," गणिताचे सर म्हणाले. "माल डोंगरातच आहे. तो कुठे पळून जाणार आहे? परवानगी मिळाली की भाव बघा."

"धीरज राखो," शेठ म्हणाले. "चिकूचं झाड लावलं की लगेच फळ मागतो का आपण? पण हां, ते गाववाले मानले पाहिजेत."

तेव्हा इतिहासाचे सर म्हणाले, "मानतील. पैसे दिले की सगळे मानतात. तिथे आहे काय त्यांचं एवढं? दगड आणि झुडपं."

ते बोलले म्हणून आम्हाला धीर आला. डोंगरातला माणूसच सांगतोय, म्हणजे खरं असणार, असं आम्हाला वाटलं. गणिताच्या सरांनी तर त्यांच्या पाठीवर थाप मारली.

पावसाळ्याच्या आधी इतिहासाचे सर शाळेत येईनासे झाले. फोन लागेना. मग कळलं की त्यांच्या पाड्यावरून नवा महामार्ग जाणार आहे आणि मोजणीवाले आले आहेत. गणिताच्या सरांच्या मोटरसायकलवर बसून आम्ही दोघं गेलो. डांबरी रस्ता संपला, तिथे पोलिसांची गाडी उभी होती. पुढे चालत गेलो.

सरांच्या शेतात माणसं जमली होती, बायका पुढे. मोजणीचा दगड पुरायला खड्डा खणलेला, आणि त्या खड्ड्याच्या काठावर सरांची आई पाय आत सोडून बसली होती. सर तिच्या मागे उभे होते. अंगात बनियन, कमरेला टॉवेल. मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं.

मोजणीचा साहेब तरुण होता आणि चांगला बोलत होता. तो सरांनाच म्हणाला, "तुम्ही तर शिक्षक आहात. तुम्ही यांना समजावायला पाहिजे. मोबदला चांगला आहे. इथे आहे काय तुमचं एवढं?"

सरांनी मान वळवली तेव्हा आम्ही दिसलो. बांधावर उभे असलेले गणिताचे सर आणि मी. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि खाली बघितलं. मीही खाली बघितलं. ऊन होतं म्हणून मी डोक्यावर पदर घेतला होता, तो आणखी पुढे ओढला.

त्यांची आई मात्र साहेबाकडे बघत राहिली. "मी नाय उठायची," ती एवढंच म्हणाली आणि खड्ड्यातली माती पायाने सारखी करत राहिली.

त्या दिवशी दगड पुरला गेला नाही. आम्ही त्यांच्या घरी पाणी प्यायलो आणि निघालो. हायवेला लागल्यावर गणिताचे सर मागे न बघता म्हणाले, "मोबदला आला की कुठे गुंतवायचा ते त्यांना नीट सांगायला पाहिजे. नाहीतर उडवतात." मी ऐकू न आल्यासारखं केलं.

सर शाळेत परत आले. शनिवारच्या चहालाही यायला लागले, पण खाणीवर काही बोलत नसत. आम्हीही त्यांच्या शेताचा विषय काढत नसू. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर होत्या आणि आम्ही मध्ये भज्यांची बशी ठेवून बसत होतो.

गणपती होऊन गेल्यावर कंपनीच्या वार्षिक सभेचं निमंत्रण आलं. सभा मुंबईत. भागधारकाला तिथे प्रश्न विचारता येतो. शेठ म्हणाले, कुणीतरी जाऊन चेअरमनला तोंडावर विचारलं पाहिजे. गणिताच्या सरांनी जरा विचार केला आणि इतिहासाच्या सरांकडे बोट केलं.

"तुम्ही विचारा. तुम्ही स्वतः डोंगरातले आहात हे आधी सांगा. तुमच्यासारख्याने विचारलं की खाण कधी सुरू करता, तर वजन पडेल. पेपरवालेही लिहितील."

मला वाटलं सर नाही म्हणतील. मी त्यांच्याकडे बघत होते. ते कप फिरवत म्हणाले, "मॅडम लिहून देतील तर वाचीन."

मी लिहून दिलं. इंग्रजीत, चार ओळी. खाणीच्या कामातला स्थानिक अडथळा दूर करण्यासाठी व्यवस्थापन कोणती पावलं उचलत आहे, असं त्यात होतं. वाक्य चांगलं बसलं म्हणून मला समाधानही वाटलं. सोबत मीच जायचं ठरलं.

मुंबईचा तो हॉल थंडगार होता. खुर्च्यांना पांढरी कापडं घातलेली. बहुतेक भागधारक म्हातारे होते, आमच्यासारखेच थोडे शेअर असलेले, आणि त्यांचं लक्ष मागे मांडलेल्या खाण्याच्या टेबलांकडे होतं. आमच्या शेजारी एक माणूस बसला होता. चाळिशीचा, काळा-सावळा, नवा शर्ट, पायात रबरी चपला. त्याने हिंदीत विचारलं, कुठून आलात. सरांनी सांगितलं. डोंगर आहे का तिकडे, असं त्याने विचारलं, आणि सर बोलायला लागले. आम्हाला इतक्या महिन्यांत जे सांगितलं नव्हतं, ते त्यांनी त्या परक्या माणसाला पाच-दहा मिनिटांत सांगितलं. मोजणीवाले, पोलिसांची गाडी, आई खड्ड्याच्या काठावर कशी बसली ते सगळं. तो माणूस मान हलवत होता. "हमारे यहाँ भी माँ लोग ही बैठी थीं," तो म्हणाला.

तो त्या डोंगरातलाच होता. आमच्या खाणीच्या डोंगरातला. सभेत शिरता यावं म्हणून गावाने त्याच्या नावावर एक शेअर घेतला होता.

सरांचा हात खिशावर गेला, जिथे मी लिहून दिलेला कागद होता. मी हळूच म्हटलं, "सर, राहू दे. नाही विचारलं तरी चालेल."

"चौघांचं ठरलंय," ते म्हणाले.

त्या माणसाचा नंबर आधी आला. तो हिंदीत बोलला. आमच्या डोंगरावर झरा आहे, खालच्या सगळ्या गावांचं पाणी तोच आहे, तो आटला तर आम्ही कुठे जायचं, असं त्याने विचारलं. चेअरमन हसून म्हणाले की मुद्द्याची नोंद घेतली आहे. मागून कुणीतरी ओरडलं, "बस करो, टाइम वेस्ट मत करो." मग सरांचं नाव पुकारलं.

ते उभे राहिले. मी तलासरीच्या डोंगरातला आहे, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि कागद वाचला. त्यांची मान ताठ होती, आणि शेवटच्या ओळीला आवाज एकदम चढला. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. चेअरमनही खूश झाले, आणि प्रशासन लवकरच मार्ग काढील अशी आशा त्यांनी बोलून दाखवली. शेजारचा माणूसही टाळ्या वाजवत होता, सगळ्यांपेक्षा जोरात.

सभा संपल्यावर लोक खाण्याच्या पाकिटांवर तुटून पडले. तो माणूस आम्हाला शोधत आला. त्याने सरांचे दोन्ही हात धरले.

"अंग्रेज़ी में अच्छा सुनाया आपने. मुझे अंग्रेज़ी नहीं आती, पर आपका गुस्सा समझ में आया. इतनी दूर से आकर हमारे लिए बोले."

मी सरांकडे बघितलं. सर त्या माणसाकडे बघत होते. त्यांनी हात सोडवून घेतले नाहीत. मला हिंदी चांगली येते. एका वाक्याचं काम होतं. तेही माझ्याच्याने झालं नाही. त्याने सरांचा फोन नंबर घेतला. कुणीतरी आमच्या हातात समोसा आणि बर्फीचं पाकीट कोंबलं, आणि आम्ही ते घेऊन बाहेर पडलो.

तलासरीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसले. पाकीट त्यांच्या मांडीवर तसंच होतं. मनोर गेल्यावर ते म्हणाले, "मॅडम, इंग्रजीतलं ते वाक्य मराठीत काय होतं हो?"

"तुम्हाला माहीत आहे, सर."

"माहीत आहे. पण तुम्ही सांगा."

मी सांगितलं. शेजारच्या सीटवर लोक होते म्हणून हळू आवाजात सांगितलं. त्यांनी मान डोलावली, जसं आम्ही वर्गात बरोबर उत्तर आल्यावर डोलावतो. मग ते खिडकीकडे वळले आणि मला त्यांचा चेहरा दिसला नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आपले शेअर मिळेल त्या भावाला विकले. गणिताचे सर चिडले. "आत्ता? चेअरमन स्वतः म्हणाले असताना?" शनिवारी इतिहासाचे सर पाड्यावर लवकर जायला लागले. शेठही हळूहळू थांबेनासे झाले, आणि मग चहा राहिलाच नाही.

सरांचं शेत अर्धं गेलं. पाड्यावर फूट पडली, काहींनी सह्या दिल्या, आणि एके दिवशी जास्त पोलीस घेऊन दगड पुरले गेले. आई तेव्हा आजारी होती. सर दगडांपाशी उभे राहिले होते, असं मला दुसऱ्यांकडून कळलं. मी गेले नव्हते.

डोंगरातला तो माणूस सरांना दिवाळीला, अधूनमधून एरवीही, फोन करतो. खाण अजून सुरू झालेली नाही, झरा वाहतो आहे, तुम्ही एकदा या, असं सांगतो. शाळेत एकदा माझ्यासमोर त्याचा फोन आला. सर व्हरांड्यात जाऊन बोलले, हसलेही. परत आले तेव्हा मी विचारलं, "त्याला सांगितलंत का कधी?"

"नाही," ते म्हणाले. "तो आईची तब्येत विचारतो, मॅडम. तिथे मध्येच हे कसं सांगू?"

मी माझे शेअर वेळेवर विकले नाहीत. विकणार होते, पण भाव जरा चढेल म्हणून थांबले, आणि त्यातच कंपनीच्या शेअरची बाजारातली खरेदी-विक्री बंद झाली. आता ते कुणाला देता येत नाहीत आणि फाडून टाकायला कागदही नाही. मुलगी विचारते, "आई, हे काय आहे तुझ्या खात्यात?" मी म्हणते, काही नाही, जुनं आहे.