मिरचीचा जावई

गेल्या हिवाळ्यात नंदुरबारजवळच्या एका मिरची पथारीवर, सकाळच्या चहाच्या वेळी, एका मजूर बाईच्या डाव्या हाताची दोन बोटं भाजली. ते तिला कळलं नाही.

मी हंगामाची बातमी करायला तिथं गेलो होतो. त्या बाईला सगळ्या मावशी म्हणत. पथारीच्या मोकळ्या माळावर लाल मिरच्या वाळत होत्या आणि कडेला बसून बायका देठ खुडत होत्या. संध्याकाळी त्यांच्या हातांची आग होते. घरी जाऊन खोबरेल, ताक, जे असेल ते चोळतात. मावशी काही चोळत नसे. "मन्हा डावा हात मिरचीना जावई शे. त्याले ती काही बोलस नही," हे तिचं ठरलेलं वाक्य.

"मंग त्या जावईले आमना घर धाड, मसाला कुटाले," शेजारची म्हणाली. सगळ्या हसल्या.

तेवढ्यात चुलीवरचं चहाचं पातेलं कलंडलं. मावशीनं ते डाव्या हातानं सावरलं आणि धरूनच ठेवलं.

"मावशी, हात काढ! बोटं जळी ऱ्हायनात!"

"कोना?" तिनं विचारलं.

कोणी हसलं नाही. दुसऱ्या कुणाची असावी तशी ती आपली करंगळी उलटसुलट करून पाहत राहिली. शेजारचीनं हळूच विचारलं, "मावशी, बाळनं पानी कोन देखस?"

लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाच्या अंघोळीचं पाणी रोज मावशीच पाहायची, डावा हात बुडवून. उजव्या हातावर बाळ असे.

टोपली तशीच टाकून ती घरी गेली. झोपलेल्या बाळाला तिनं उपडं केलं. पाठीवर लाली होती.

"घामोळं शे माय ते," लेक म्हणाली.

महिना पौषाचा होता.

त्वचेत मज्जातंतूंची टोकं असतात. स्पर्शाची वेगळी, गारव्याची वेगळी, चटक्याची वेगळी. मिरचीचा तिखटपणा चटक्याच्याच टोकांना चेतवतो; म्हणून काही गरम नसताना हाताची आग होते. ज्या हाताला मिरची लागेनाशी होते, त्याला चटकाही कळेनासा झालेला असू शकतो. पथारीवर सगळ्यांनी ती सवय मानली होती. मावशीनंही.

आरोग्य केंद्रात नर्सनं तिला डोळे मिटायला सांगितले आणि हातावर कापसाचं टोक टेकवायला सुरुवात केली. उजव्या हाताची उत्तरं बरोबर आली. डाव्याच्या वेळी मावशी घाईनं म्हणू लागली, "लागनं. आठे लागनं. आते बी लागनं."

"मावशी, मी आजून कापूस लावाच नही."

मावशीनं डोळे उघडले नाहीत. "लाव आते. मी सांगसू."

नर्सनं लावला. मावशी वाट पाहत बसली.

डॉक्टरांनी कोपराजवळची जाड झालेली नस चाचपली. कुष्ठरोगाचं निदान झालं, औषध लगेच सुरू झालं. आजार बरा होईल. हाताची संवेदना परतेल का, ते आज सांगता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

बाळाची पाठ निवळली. मावशी पुन्हा पथारीवर आली नाही. लेक ठरल्याआधीच प्रकाशा गावी, सासरी गेली. मावशी बसस्टँडपर्यंत तिच्यासोबत चालत गेली. बाळ सगळा वेळ लेकीजवळच होतं.