कोल्हारच्या ओट्याचं माप

सावेडीत पाइपलाइन रोडच्या आतल्या गल्लीत, एका अपार्टमेंटच्या तळमजल्यावर पंकजा राहते. हॉलच्या एका कोपऱ्यात तिचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे काय, तर एक टेबल, एक मोठा स्क्रीन, एक सेकंडहँड स्कॅनर आणि 'काम चालू आहे, मध्ये बोलू नये' असा तिचा चेहरा. नवरा कल्याण नागापूरला एमआयडीसीत शिफ्टवर जातो. घरी असला की तो या चेहऱ्याला वचकून आपला चहा आपण करून घेतो. तिचाही करतो, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय व्हायचा.

लोक तिच्याकडे जुने नकाशे घेऊन येतात. कुणाच्या बंगल्याचा, कुणाच्या शाळेचा, कुणाच्या वर्कशॉपच्या शेडचा. निळ्या रेघांच्या जुन्या प्रिंटा, घड्यांवर विरलेल्या, कडेला वाळवीने चाखलेल्या. पंकजा त्या स्कॅन करते, कॉम्प्युटरवर घेते, मापात बसवते आणि मग रेघेवर रेघ ओढत भिंती उभ्या करते, खिडक्या कापते, वर स्लॅब टाकते. काम संपतं तेव्हा स्क्रीनवर अख्खं घर उभं असतं आणि त्यातली कुठलीही दोन टोकं धरून मोजलीत तरी माप जिथल्या तिथे मिळतं.

ही 'जिथल्या तिथे'ची हौस तिला आयटीआयपासूनची. 'अंदाजे' हा शब्द तिच्यासमोर काढायची सोय नाही. कुणी मोबाईलवर तिरपा फोटो काढून नकाशा म्हणून पाठवला की ती सरळ उत्तर देते, की कागद घेऊन या, फोटोत तुमचं घर एका बाजूला झोपलंय. कागदावरही तिचा पुरता भरवसा नसतो. जुना कागद दमट हवेत एका अंगाने ताणतो. नवशिके एकच माप जुळवतात आणि पुढे निघतात, मग लांबी बरोबर येते आणि रुंदी बोंबलते. पंकजा आडवं माप वेगळं जुळवते, उभं वेगळं. मूळ होतं तसं हुबेहूब आलं पाहिजे, मग त्यात चार दिवस जास्त गेले तरी बेहत्तर. तिच्या या हट्टापायी काही गिऱ्हाइकं तुटली, आणि जी टिकली ती दुसरीकडे जायचं नाव काढत नाहीत.

कोल्हारचा सचिन तिच्याकडे आला तो अशाच एका गिऱ्हाइकाच्या ओळखीवर. प्रवरेकाठची बागायती शेती, ऊस फॅक्टरीला, माणूस बोलायला मऊ. त्याने शेतात रस्त्याकडेला बंगला बांधला होता. गावातल्या जुन्या घराचा स्लॅब गळायला लागला होता, सगळ्यांनी बंगल्यात राहायला जायचं ठरलं होतं. सगळे तयार होते, फक्त आई नाही. छबूबाईंनी एकच धरून ठेवलं होतं, तुमी जा, मी हितंच बरी हाय. का, ते सांगत नव्हत्या. भांडण नाही, रुसवा नाही, सुनेशी तर लेकीसारखं चालायचं. पण हलायला तयार नाहीत.

सचिनने आपल्या परीने कारण शोधून काढलं होतं. आईचा जन्म स्वयंपाकघरात गेला, तिचा जीव त्या ओट्यात अडकलाय. म्हणून त्याने बंगल्यात सुनेच्या मोठ्या किचनखेरीज मागच्या बाजूला, आईच्या खोलीला लागून एक लहान स्वयंपाकघर काढलं होतं. ते जुन्यासारखंच करायचं. तोच ओटा, तीच खिडकी, तेच फडताळ. जुन्या घराचा नकाशा ट्रंकेत सापडला होता. तो पंकजापुढे पसरून तो म्हणाला, "ताई, आईला पाऊल टाकल्यावर वाटलं पाहिजे की आपण आपल्याच घरात आलो. सुताचाही फरक नको."

अशी ऑर्डर पंकजाला आयुष्यात कुणी दिली नव्हती. ती मनातून एवढी खूश झाली की संध्याकाळी कल्याणला चहा तिने करून दिला.

नकाशा एका ओव्हरसियरने नीट काढलेला होता. खोल्यांची मापं आकड्यांत लिहिलेली होती, ती धरून तिने कागदाचा ताण काढून टाकला. भिंती जुळल्या, दारं जुळली. अडलं ते ओट्यापाशी. नकाशाच्या कोपऱ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीचं समोरून दिसणारं उभं चित्र होतं, पण त्यात ओट्याच्या उंचीचा आकडाच लिहिलेला नव्हता, नुसती रेघ होती. रेघ मोजली तर उंची सव्वातीन फुटांच्याही वर निघाली. एवढा उंच ओटा कुणी बांधत नाही. तिला वाटलं, आपलंच कुठेतरी चुकतंय. पुन्हा स्कॅन केलं, पुन्हा जुळवलं, उत्तर तेच. आता खरं खोटं करायचं तर जागेवर जाऊन टेप लावण्याखेरीज इलाज नव्हता. पंकजा दुसऱ्या दिवशी एसटीने कोल्हारला गेली.

छबूबाई ठेंगण्याठुसक्या, हसतमुख बाई. त्यांनी चहा ठेवला, पोह्यांची बशी पुढे केली, आणि पंकजा मात्र टेप काढून ओट्याला जाऊन भिडली. ओटा नकाशातल्याइतकाच उंच होता. कागद खरा होता, रेघ खरी होती, आणि तिने काढलेलं मापही खरं होतं. तिला धन्य वाटलं. मग तिने काहीच सोडलं नाही. कडप्प्याची जाडी, फडताळाचे खण, खिडकीचे गज. ओट्याच्या पायथ्याशी एक जाडजूड लाकडी पाट होता, चार-पाच बोटं उंच, मधोमध झिजून खोलगट झालेला. सचिन म्हणाला तो आईचा पाट, तोही घ्या ताई, तो तिथंच लागतो तिला. तिने पाटही मोजला. चहा छान झाला होता, पण तो करताना छबूबाई कुठे, कशा उभ्या होत्या, हे तिने पाहिलं नाही. तिचं लक्ष टेपवर होतं.

मॉडेल झालं ते पाहण्यासारखं झालं. काळा कडप्पा, पिवळसर भिंत, पाटाच्या मधला खळगासुद्धा. सचिनने फोनवर चित्र पाहिलं आणि त्याला भरून आलं. आता किचनवाल्याला दगड कापायला सांगायचा, एवढंच राहिलं होतं. त्याआधी त्याने हौसेने आईला चित्र दाखवलं. छबूबाईंनी फोन हातात घेऊन नीट बघितलं, चांगलं झालंय म्हणाल्या, लेकाच्या पाठीवरून हात फिरवला आणि भाजी निवडायला बसल्या. संध्याकाळी त्याने विचारलं, मग कधी जायचं? तर उत्तर जुनंच. तुमी जा, मी हितंच बरी हाय.

सचिनने पंकजाला फोन केला. तो चिडला नव्हता, हरल्यासारखा बोलत होता. काहीतरी राहिलंय ताई, तो म्हणाला, आईला ते आपलं वाटत नाही, कुठलंतरी माप चुकलंय. हे ऐकून पंकजाला झोंबलं. माप चुकलंय? तिचं? पण रागाचा पहिला भर ओसरल्यावर तिच्या मनात आलं की फोनवरच्या एवढ्याशा चित्रात म्हाताऱ्या माणसाला काय कळणार. या कामात मॉडेलशेजारी एक माणूस उभा करायची पद्धत आहे. सॉफ्टवेअरमध्ये तयार आकृत्याच मिळतात. माणूस दिसला की दार केवढं, खिडकी केवढी, हे बघणाऱ्याला आपोआप कळतं. तिने निळ्या साडीतली एक बाई शोधून ओट्यापाशी उभी केली. ओट्याला शोभेल अशी ती उंचीपुरी दिसली. मग लॅपटॉप पिशवीत घालून ती पुन्हा कोल्हारला निघाली.

जुन्या घराच्या त्याच स्वयंपाकघरात तिने ओट्यावर लॅपटॉप उघडला. एका बाजूला सचिन उभा राहिला. छबूबाई हात पुसत आल्या, पाटावर चढल्या आणि वाकून बघायला लागल्या. पंकजाने मॉडेल हळूहळू फिरवलं. खिडकी आली, फडताळ आलं, मग ओटा आला आणि ओट्यापाशी निळ्या साडीतली बाई आली. छबूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"या आत्याबाई का?" त्यांनी विचारलं.

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, भागिरथीबाई. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. पंकजा गोंधळून म्हणाली की नाही मावशी, हे नुसतं चित्र आहे, उंची कळावी म्हणून उभं केलंय. छबूबाई म्हणाल्या, उंची बरोबर आत्याबाईंचीच हाय. पुरुषाच्या खांद्याला खांदा लागंल अशा उंच हुत्या. आणि मग, लॅपटॉपवरची नजर न काढता, कुणाची तक्रार करत असल्याच्या सुरात नाही, तर गावातली एखादी जुनी गोष्ट सांगावी तशा त्या सांगू लागल्या.

हे घर बांधलं तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. तोवर चूल जमिनीवर होती. गॅस घ्यायचा, उभ्याचा ओटा करायचा, याचं गावात तेव्हा अप्रूप होतं. रंभाजी गवंडी ओटा बांधायला बसला आणि म्हणाला, घरातल्या बाईला बोलवा. ही त्याची रीत. तो ओव्हरसियरला आकडा लिहू द्यायचा नाही. बाईला भिंतीशी उभी करायचा, हात कोपरात दुमडायला सांगायचा, कोपराखाली चार बोटं सोडून भिंतीवर कोळशाने रेघ मारायचा, आणि ओव्हरसियरने नंतर तेवढीच रेघ कागदावर ओढायची. त्याच्या हातच्या ओट्यावर भाकरी थापताना बाईचा खांदा दुखत नाही, असं पंचक्रोशीत म्हणायचे.

"घरातली बाई म्हंजी आत्याबाई," छबूबाई म्हणाल्या. "त्यांचं माप घेतलं. मी दारात उभी हुते, रंभाजीला पानी घिऊन."

पुढे दोन-चार वर्षांतच ओटा छबूबाईंच्या वाट्याला आला. त्यांच्या छातीला लागायचा. भाकरी थापताना खांदे कानापाशी जायचे. सासूबाईंनीच सुताराकडून पाट करून आणला. सासू वाईट नव्हती, उलट तिने पाटासाठी शिसवी लाकूड सांगितलं होतं. मग पाटावर चढायचं, उतरायचं, पाण्याला जायचं, पुन्हा चढायचं. सासूबाई गेल्यावर ओटा खाली का नाही घेतला, असं पंकजाने विचारलं, तर छबूबाईंना तो प्रश्नच कळला नाही. चांगला धडधाकट ओटा, तो फोडा असं कसं म्हणायचं? तो आत्याबाईंचा ओटा होता.

सचिन मघापासून आईच्या पायांकडे बघत होता. तो लहानपणी त्या पाटावर बसून जेवला होता, अभ्यासाला बसला होता. त्याला वाटायचं, फरशी गार लागते म्हणून आई पाटावर उभी राहते. एवढ्या वर्षांत त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायला जागाच उरली नव्हती. त्याचे डोळे भरले, ते त्याने लपवले नाहीत.

"तू लई मायेनं केलं रं," छबूबाई त्याला म्हणाल्या. "फोटू बघितला आन मला कळलं. पर मी म्हनलं, आता नव्या घरातबी त्योच ओटा, आन तिथंबी पाटावरच चढायचं. त्यापरीस हितंच काय वाईट?"

पंकजाला आपल्या सुताचीही चूक नसलेल्या मॉडेलकडे बघवेना. लांबी खरी, रुंदी खरी, दगडाची जाडी खरी, पाटाचा खळगा खरा, आणि ज्या बाईसाठी हा खटाटोप तिची उंचीच त्यात कुठे नाही. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. तिने पिशवीतून टेप काढला आणि म्हणाली की मावशी, तुमचं माप घेऊ या.

छबूबाई हसल्या. माझं कशाला, म्हणाल्या. पण भिंतीशी सरळ उभ्या राहिल्या, हात कोपरात दुमडला, अगदी रंभाजीने सांगितल्यासारखा. एवढंच, की उभ्या राहिल्या त्या पाटावरच.

"खाली या," पंकजा म्हणाली. "जमिनीवर."

छबूबाईंनी पायांकडे पाहिलं आणि उतरल्या. सचिनने टेपचं टोक फरशीला दाबून धरलं. पंकजाने कोपराखाली चार बोटं सोडली, खडू नव्हता म्हणून पेनाने भिंतीवर रेघ मारली. रेघ जुन्या ओट्याच्या बरीच खाली आली. छबूबाईंना ती फारच खाली वाटली. एवढा बुटका ओटा लोकांना कसा दिसेल, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी रेघेच्या उंचीवर दोन्ही तळवे आणले आणि हवेतच भाकरी थापून बघितली. खांदे जागचे हलले नाहीत. त्यांनी पुन्हा थापून बघितली.

पंकजाने तिथेच बसून मॉडेलमधला ओटा खाली घेतला, खिडकीची चौकट त्याबरोबर उतरवली, पाट पुसून टाकला. निळ्या साडीतली बाई तिने काढली नाही. तिची उंची कमी करत करत छबूबाईंच्या उंचीला आणली आणि तिला ओट्यापाशी उभी केली. मग स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

छबूबाईंनी वाकून चित्र नीट पाहिलं. वळून सचिनला त्यांनी एवढंच विचारलं, "तिकडं गॅसची टाकी आली का रं?"