पनवेलच्या खाडीत अक्काची सॅक

पनवेल स्टेशनच्या पुलावरून उतरताना, शेवटच्या दहा पायऱ्या उरलेल्या असताना, अक्काच्या पिशवीचा बंद तुटला. पिशवी गडगडत खाली गेली आणि तिने वाटेतच तोंड उघडलं. बॅटरी एकीकडे, दोरीचं भेंडोळं दुसरीकडे, शिट्टी, मेणबत्त्या, पाण्याच्या दोन बाटल्या, औषधांचा डबा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड. येणारेजाणारे थबकले. एका कॉलेजच्या मुलीने शिट्टी उचलून दिली आणि हसत विचारलं, "आजी, ट्रेकला निघालात का?"

अक्का खाली बसून एकेक वस्तू पुसून पिशवीत भरत राहिली. मी मात्र शरमेने इकडेतिकडे बघत होते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही लातूरकडच्या. मी शाळेत शिकवते. तिचं आयुष्य शेतात आणि घरात गेलं. आमच्या भागात भूकंप झाला त्या पहाटे तिचं घर बसलं. ती बाहेर होती, सासूबाई आत अडकल्या होत्या आणि हाका मारत होत्या. अंधारात अक्का नुसत्या हातांनी दगड उपसत राहिली. उजाडेपर्यंत हाका थांबल्या होत्या. त्यानंतर तिने ती पिशवी भरली आणि पुढची वीसएक वर्षं ती कधी हातातून सोडली नाही. लग्नाला, बाजाराला, दवाखान्यात, सगळीकडे पिशवी. त्यापायी आम्ही तिला कुठे न्यायचंच टाळायला लागलो होतो. या वेळी भावाच्या मुलीने, वैशालीने, पनवेलला नवीन फ्लॅट घेतला आणि "दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या आत्याला घेऊनच ये" असा हट्ट धरला, म्हणून हा प्रवास घडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी पिशवी घ्यायला आम्ही बाजारात गेलो. पनवेलचा बाजार मला आवडला. गल्ल्या अरुंद, पण माणसं घाईतही वाट देतात. भाजीच्या ढिगांपलीकडे बॅगांचं एक जुनं दुकान होतं. पांढऱ्या दाढीचे दुकानदार स्टुलावर बसून एका सॅकचा पट्टा शिवत होते. आसपासच्या गडांवर जाणारी पोरं त्यांच्याकडूनच सॅक घेतात, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं.

"खाला (मावशी), ही बघा. एकदम लेटेस्ट," ते म्हणाले.

अक्काने सॅक हातात घेतली, पालथी केली आणि आतली शिवण दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली. दोन टाके निसटले. तिने ती बाजूला ठेवली. दुसरीचे पट्टे बारीक होते. "खांद्यात रुततेत," म्हणाली. तिसरी बरी निघाली. तेव्हा तिने आपलं सगळं सामान त्या सॅकमध्ये ओतलं, ती पाठीला लावली आणि भर दुकानात उठाबशा काढल्या. मग ती खाली उतरवली, डोळे मिटले आणि एका हाताने चेन शोधून उघडायला लागली. चेन अडकली.

"ही नको."

"अरे, डोळे मिटून कोण उघडतं?" दुकानदार हसले.

"अंधार असला म्हणजे?" अक्का म्हणाली. "आन् एक हात अडकलेला असला म्हणजे?"

दुकानदार हसायचे थांबले. त्यांनी हातातली सुई ठेवली, आत गेले आणि मागून खाकी जाड कापडाची एक साधी सॅक घेऊन आले. तिला चेन नव्हतीच. वर फ्लॅप आणि एक मोठं बक्कल. अक्काने डोळे मिटले. टक्. उघडली. पुन्हा टक्. तिच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत न पाहिलेलं समाधान पसरलं.

दुकानदारांनी मग ती स्वतःच भरून दाखवली. जड वस्तू पाठीला चिकटून, कपडे तळाशी, आणि जे सगळ्यांत आधी लागेल ते सगळ्यांत वर. "लोक उलटं करतात, खाला. मलमपट्टी तळाला आणि कंगवा वर." कागदांसाठी एक जाड पिशवीही त्यांनी पैसे न घेता दिली, आणि आम्हाला चहा पाजूनच सोडलं.

वैशालीच्या सोसायटीत मंदा नावाची कोळीण म्हावरं (मासळी) विकायला यायची. अक्काने समुद्र कधी पाहिला नाही हे ऐकून तिने टोपली खालीच ठेवली. "समुद्र नाय बघला? मंग उद्या माझे घरी या. आमची होरी (होडी) हाय. मालक तुमाला फिरवून आनतील." मला वाटलं, अक्का नाही म्हणेल. पण नव्या सॅकचा भरवसा असेल किंवा मंदाचा मोकळा चेहरा, ती हो म्हणाली.

आता मी जे केलं ते सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आंघोळीला गेली तेव्हा मी सॅक उचलून पाहिली. फार जड होती. साठी उलटलेली बाई हे ओझं घेऊन होडीत चढणार, लोक बघणार. मी बक्कल उघडलं आणि वरवरचं जे हाताला लागलं ते काढून वैशालीच्या कपाटात ठेवलं. पाण्याची एक बाटली, दोरी आणि औषधांचा डबा. दोन-तीन तासांची तर गोष्ट, असं स्वतःला समजावलं.

उरणच्या एसटीने आम्ही जासईला उतरलो. कंटेनरच्या गाड्यांची रांग रस्ताभर होती, आणि त्यांच्या मधून वाट काढत मंदा आम्हाला न्यायला आली होती. तिथून सहा आसनी रिक्षाने खाडीकाठची तिची वाडी गाठली. घर लहान, पण अंगण लखलखीत. दोरीवर बोंबील सुकत होते. मंदाने हातावर थापलेली तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण वाढलं. आमच्याकडच्या ज्वारीच्या भाकरीपुढे ही अगदी मऊसूत, दुधासारखी पांढरी. अक्का दोन खाऊन तिसरी मागायला लाजली, पण मंदाने न विचारताच वाढली.

मंदाचा नवरा हिराजी अबोल माणूस. त्याने आम्हाला हात धरून होडीत बसवलं, मंदा मागून चढली आणि त्याने छोटं इंजिन सुरू केलं. दोन्ही काठांना तिवरांची (खाऱ्या चिखलातली झाडं) दाट हिरवी भिंत, वर बगळे, लांबवर बंदराच्या उंच क्रेन. खाडी रुंदावत गेली आणि पुढे आभाळाला टेकलेलं पाणी दिसलं. अक्का सॅक मांडीवर घेऊन बघत राहिली.

"एवढं पानी," ती हळूच म्हणाली. "आन् आपल्याकडं टँकरची वाट बघायलेत लोक."

परतीला वळलो आणि इंजिन घरघरून बंद पडलं. पंख्यात फाटक्या जाळ्याचा तुकडा गुंतला होता. हिराजीने वाकून कोयत्याने तो कापायला घेतला. पण जाळं नायलॉनचं, पक्कं आवळलेलं. ते सुटेपर्यंत सुकती (ओहोटी) जोरात लागली. बघता बघता पाणी उतरलं, होडीला एक धक्का बसला आणि ती चिखलावर टेकून एका अंगाला कलली.

अक्का किंचाळली. सॅक छातीशी आवळून ती थरथरायला लागली. "हाललं, सुमन, खाली हाललं!"

"मावशी, होरी टेकली फक्त," मंदा म्हणाली. "कायपन होनार नाय. पानी आलं का सुटेल. चार तास बसायचं."

चार तास! काठ दिसत होता, पण मधे मांडीइतका चिखल. हिराजीने होडी सावरायला बाजूला टेकू लावायचं ठरवलं आणि मंदा त्याला मदत करायला सराईतपणे चिखलात उतरली. तिची चार पावलंही झाली नसतील तोच ती "आई गं" करून खाली बसली. चिखलात दडलेल्या कालवांची शिंप तिच्या तळपायात शिरली होती.

हिराजीने तिला उचलून होडीत आणलं. तळव्याला बोटभर लांब, खोल चीर. रक्त थांबेना. होडीतल्या फळीवरून ते वाहायला लागलं. हिराजी तिचा पाय हातात धरून नुसता बघत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "मंदे... मंदे..." एवढंच तो म्हणत होता.

आणि मी पाहिलं, अक्काचं थरथरणं थांबलं. तिने सॅक समोर घेतली, बक्कल काढलं आणि न बघताच वरच्या बाजूला हात घातला. हात थांबला. पुन्हा चाचपला.

"डबा हितंच होता," ती म्हणाली.

मी म्हणाले, "अक्का, मी काढून ठेवला. जड होतं म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. पण ती क्षणभरच. मग तिने पाण्याची उरलेली बाटली काढून माझ्या हातात दिली. "जखम धू. चिखल राहू देऊ नको." मी धुवायला लागले. तिने सॅकमधला धुतलेला पंचा काढला, त्याची घट्ट घडी केली आणि ती जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरली. मंदाचा पाय तिने स्वतःच्या खांद्यावर उंच घेतला. "तुम्ही हबकून बसू नका," ती हिराजीला म्हणाली. "तिच्या डोक्याखाली हात द्या. तिच्याशी बोला."

"बांधायला लांब कापड पायजे," ती म्हणाली. मी तिच्या सॅकमधली कात्री घेतली आणि नेसलेल्या सुती साडीचा पदर कापला. उभ्या पट्ट्या केल्या. अक्काने त्या एकावर एक अशा बांधल्या की पंचा जागचा हलला नाही. किती वेळ ती तशी दाबून बसली होती कोण जाणे. तिची बोटं आखडली होती. अखेर रक्त येणं थांबलं.

हिराजीने कॅनमधलं पाणी प्यायला दिलं. त्याने प्लास्टिकच्या बरणीतून फोन काढून भावाला लावला. भाऊ काठावर रिक्षा तयार ठेवणार होता, पण भरतीआधी कोणालाच इथवर येता येणार नव्हतं. आता बसणंच हातात होतं.

ते तास मला वाटले होते तसे गेले नाहीत. ऊन फारसं तापलं नव्हतं. चिखलावर निवटे (चिखलात उड्या मारणारे मासे) टुणटुणत होते. अक्काच्या सॅकमधून चिवडा निघाला, खडीसाखर निघाली. मंदाचं डोकं अक्काच्या मांडीवर होतं.

"मावशी, तुमी नर्स होता का?"

"नाही गं," अक्का म्हणाली. आणि मग तिने तिला सासूबाईंची गोष्ट सांगितली. हाका, दगड, हात, उजाडणं. मी तिची सख्खी बहीण, पण एवढं सगळं मलाही तिने कधी सांगितलं नव्हतं. मंदाने ऐकून घेतलं. "तुमी हात तरी नाय थांबवले," एवढंच ती म्हणाली. मी पाण्याकडे बघत राहिले.

मी अक्काला हळूच विचारलं, "माझा राग आला ना?"

"आला की. लई आला," ती म्हणाली. "पन आधी पाय होता."

दुपार कलली तसं चिखलातल्या बारीक चरांतून पाणी परत यायला लागलं. एकेक चर भरला. पाणी होडीच्या कडेला चाटू लागलं आणि एकाएकी आमच्या बुडाखालची फळी हलली. अक्का दचकली. तिने सॅक धरायच्या आधी मंदाने तिचा हात धरला.

"घाबरू नका, मावशी. पानी आपल्याला उचलतंय."

होडी डुलली, सरळ झाली आणि तरंगायला लागली. अक्काने डोळे मिटून घेतले होते. ते तिने उघडले, आणि ती हसली.

काठावर रिक्षा होती. दवाखान्यात मंदाला सहा टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं. "दाब छान दिला कुणीतरी," डॉक्टर म्हणाले. हिराजीने अक्काकडे बोट दाखवलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. आम्ही वैशालीकडे पोचलो तेव्हा दिवे लागले होते. माझी अर्धवट पदराची साडी बघून ती घाबरलीच. मी कपाटातला डबा काढून अक्काच्या हातात दिला. तिने तो सॅकमध्ये वरच्या बाजूला ठेवला.

घरी परतल्यापासून शाळेत सगळे विचारतात, प्रवासाला जाताना काय न्यावं? मी सांगते, शिवण ओढून बघून बॅग घ्या, आधी लागेल ते वर ठेवा, पाणी, पट्टी, कात्री, थोडं गोड जवळ असू द्या. आणि दुसऱ्याच्या पिशवीतलं त्याला न विचारता काही काढू नका. ज्याला आपण ओझं म्हणतो, ते त्याने कशासाठी उचललंय हे आपल्याला ठाऊक नसतं.

भूकंपानंतर अक्काने पुढचा वायदा कधी कुणाला दिला नव्हता. लग्नाचं आमंत्रण असो की पेरणीचा बेत, "त्या टायमाला बघू" एवढंच तिचं उत्तर. पंधरा दिवसांनी मंदाचा फोन आला. टाके निघाले होते, ती पुन्हा टोपली घेऊन फिरत होती.

"मावशी, मंग कवा येनार?" तिचा आवाज फोनबाहेर मलाही ऐकू येत होता.

अक्काने भिंतीवरच्या नव्या वर्षाच्या कॅलेंडरची पानं उलटली. एकदा पुढे, एकदा मागे. मग एका तारखेवर बोट ठेवून ती म्हणाली, "चैत्रात. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. नक्की."