शिवेची मूठभर माती

साल दोन हजार तेवीस. मी बहात्तर वर्षांचा होतो. चौथीत शाळा सुटली, पुढं जन्मभर बाजारात पाठीवर गोण्या वाहिल्या. मान तुकवली ती फक्त आमच्या गावदेवीपुढं.

माझी नात, थोरल्या मुलाची सुमन, पहिल्या बाळंतपणाला पाटणच्या डोंगरात, आमच्या गावी आली होती. आमची रीत अशी, की देवीपुढं ओटी भरली की बाळंत होईपर्यंत पोरीनं गावची शीव ओलांडायची नाही. तसा शब्द मीच देवीला दिला होता.

त्या दुपारी नवी मुंबईत, तुर्भ्याला खोलीवर जेवून बसलो, तर फोन आला. "आबा, मी महाप्याहून डॉक्टर बोलतेय. सुमन गावच्या उपकेंद्रात माझ्यासमोर पडद्यावर आहे. तिचं बीपी खूप वाढलंय. अँब्युलन्स मागवलीय, पण घरचे म्हणतात, आबांनी सांगितल्याशिवाय नाही."

मी भडकलो. "हात न लावता तुमाला नाडी कळती व्हय? येतोच तिथं!" रिक्षा केली आणि थेट महाप्याला गेलो.

डॉक्टरीण माझ्या नातीएवढीच. तिनं मला खुर्ची दिली आणि पडदा माझ्याकडं वळवला. सुमनचं तोंड सुजलेलं. तिकडची सिस्टर तिच्या दंडाला पट्टा बांधत होती, शेजारी तिची आई, माझी सून, उभी होती. "आबा, डोकं फुटतंय. डोळ्यापुढं काजवे चमकत्यात," सुमन म्हणाली. डॉक्टरीण हळूच म्हणाली, "झटके आले तर दोघांचाही जीव जाईल. इंजेक्शन दिलंय, पण कराडला न्यायलाच हवं."

"देवीला शब्द दिलाय," मी म्हणालो.

ती भांडली नाही. तिनं विचारलं, "आबा, तुमची देवी कधीच गावाबाहेर जात नाही?"

"जाती की. यात्रेला, बहिणीच्या भेटीला. शिवेची मूठभर माती पालखीत ठेवून..."

बोलता बोलता अंगावर सर्रकन काटा आला. माती संगं असली, की देवीनं शीव सोडली असं आम्ही मानत नाही. लहानपणापासून ती पालखी मी खांद्यावर घेतली, आणि हे मला सुचलं नव्हतं! या शहरातल्या पोरीला हे विचारायची बुद्धी कुणी दिली?

मी पडद्याकडं बघून ओरडलो, "सुने, शिवेवर गाडी थांबव! मूठभर माती पोरीच्या पदरात बांध, अन् पळवा कराडला!"

सुमन त्या तसल्या दुखण्यातही हसली. "आबा, मी काय देवी हाय व्हय?"

"गप बस. आज हायस!"

संध्याकाळी ऑपरेशन झालं. मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टरणीनंच फोनवर सांगितलं. आजवर मला वाटायचं, दिलेला शब्द पाळणं हीच भक्ती. देवीला माझ्या हट्टाची गरज नव्हती, हे त्या दिवशी कळलं. तिनं वाट दाखवली, तीही माझ्याच तोंडून वदवून. एवढा मान तिनं या हट्टी म्हाताऱ्याचा राखला.

रातोरात एसटीनं निघालो. सकाळी कराडच्या दवाखान्यात सुमनच्या पदराची गाठ सोडून माती घेतली. पणतीच्या कपाळाला तिचं बोट लावावंसं वाटलं, पण सिस्टरनं डोळे वटारले. मग गावाकडं गेलो, शिवेवर अनवाणी उभा राहिलो आणि माती होती तिथं परत ठेवली. या वेळी देवीला कसलाच शब्द दिला नाही. नुसते हात जोडले.