दार न लागणारं घर

आमचे खेळवाले दाजी संगणकासमोर बसले की आवाज खाली आणत, आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा. "मेलेल्याजवळ बसलोय, पावणं," म्हणायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पलूसला कॉम्प्युटर क्लास चालवतात. आणि मेलेलं म्हणजे त्यांचं फ्रेमवर्क, खेळ बनवायचं तयार सामान. ते करणारी मंडळी ते वाऱ्यावर टाकून केव्हाच निघून गेली होती. मला संगणकातलं चालू-बंद करण्याइतकंच कळतं, त्यातही बंद करताना चुकतं. म्हणूनच की काय, दाजी सगळं मला सांगत.

त्या सामानातून त्यांनी पडद्यावर स्वतःच्या आईचं गाव उभं केलं होतं, कोयनेच्या धरणात गेलेलं. उंबर, पाणवठा, कौलारू घर. बाण दाबले की परकरातली एक मुलगी गावभर चालायची. ती त्यांची आई. सत्तरी ओलांडलेली म्हातारी रोज दुपारी चष्मा सावरत त्या मुलीला घरापर्यंत न्यायची आणि बटण दाबायची. उघडं दार हलायचं नाही.

"निघताना दार लावायचं ऱ्हायलं बघ," ती मला सांगायची. "पाणी सरळ आत गेलं आसंल."

खोट फ्रेमवर्कचीच होती. दाजी त्याच्या चर्चेच्या पानावर लिहीत. "तितं मीच इचारतो आन् मीच दुसऱ्या दिवशी बघून येतो." तीन वर्षं शेवटचा प्रश्न त्यांचाच होता. लागलेलं दार रंगवून टाका, असा शहाणपणा मी केला. "आईला सोताच्या हातानं लावायचंय." मग सगळं गाव नव्या फ्रेमवर्कमध्ये हलवायचं ठरलं. म्हातारीच्या कानावर गेलं.

"एकदा उठलीया. आता न्हाई उठायची मी."

पौषात ती गेली. दाजी संगणक घेऊन साताऱ्याला माझ्याकडे आले. "माझ्याच्यानं बघवत न्हाई. तुमी ठिवा." मी त्यावर टॉवेल टाकला. धूळ बसते म्हणून, असं बायकोला सांगितलं.

गेल्या रविवारी भर दुपारी तो चालू केला. गाव जिथल्या तिथं होतं. मुलगी कुठं दिसली नाही. दार लागलेलं होतं.

दाजींना फोन केला. दार लागलंय म्हणून सांगितलं. ते त्याच खालच्या आवाजात म्हणाले, "त्या पानावर कुणी उत्तर दिलंय का, बघा."

बघितलं. त्यांच्या प्रश्नाखाली काही नव्हतं.

"मग उघडाय जाऊ नका, पावणं. हळूच बंद करा."

बंद करताना माझं नेहमी चुकतं. त्या दिवशी चुकलं नाही.